फिटरकाकांचा गडगा

परवाच्या शोकसभेत माझा हात खाली राहिला, यावरून गावात कुजबुज चाललीय. चालू दे. झेरॉक्सला आलेली माणसंसुद्धा कागद पुढे करता करता विचारतात, "काय ओ वहिनी, मांडवकरांच्या नावाला तुमचा विरोध?" मी म्हणते, पाठपोट काढायचीय की एका बाजूनं? तेवढंच सांगा.

ठराव असा होता. आमच्या फुटबॉल क्लबचं सड्यावरचं जे मैदान आहे, त्याला कै. विश्राम मांडवकर यांचं नाव द्यायचं. पुढच्या अंगाला जो दगडांचा गडगा आहे तो पाडायचा आणि तिथं चिऱ्यांची कमान उभी करायची. कमानीवर त्यांचं नाव, खाली बारीक अक्षरांत कमिटीची. अध्यक्ष राजाभाऊंनी डोळ्यांना रुमाल लावत विचारलं, "सर्वानुमते?" सगळे हात वर गेले. मी क्लबची चिटणीस, इतिवृत्त माझ्याच हातात. राजाभाऊ वाकून म्हणाले, "लिहा, सर्वानुमते." मी लिहिलं, एक मत विरोधात. आणि पुढं माझं नाव.

मेल्यावर नावाची कमान! जिवंत होता तेव्हा ह्याच लोकांनी त्याची मैदानावरची पोरं त्याच्यापासून तोडली. भाषणात कोणी त्याला आधारवड म्हणालं, कोणी दीपस्तंभ. एकानं तर ते शांत, संयमी स्वभावाचे होते म्हणून सांगितलं. शांत! त्याच्या ओरडण्यानं मिरजोळ्याच्या वरच्या वाडीतली कुत्री उठून बसायची. ज्याला माणूस ठाऊक नाही त्यानं निदान गप्प तरी बसावं.

तर तो कसा होता ते मी सांगते.

विश्राम मांडवकर लोट्याच्या एका केमिकल कंपनीत तीस-बत्तीस वर्षं फिटर. फुटबॉल तिथंच शिकला, पाळी सुटल्यावर, कंपनीच्या टीममध्ये. निवृत्त होऊन मिरजोळ्याला आपल्या घरी आला आणि चौथ्या दिवशी सड्यावर पोरं गोळा केली. पहिल्यांदा एका पोरानं "सर" म्हटलं तर केवढ्यानं खेकसला. "सर कंपनीत वर एसीत बसतात. मी फिटर." तेव्हापासून लहानथोर सगळे त्याला फिटरकाका म्हणायला लागले. समोर अहोजाहो असायचं, पण पाठीमागं आम्ही सगळेच अरेतुरे करायचो, आणि ते त्याला ठाऊक होतं.

कॉम्प्रेसरजवळ आयुष्य गेल्यामुळं कान कामातून गेलेले. स्वतःला ऐकू येत नाही म्हणून जगावर ओरडायचा. आमचं बोलणं तो ओठांवरून आणि हातांवरून ओळखायचा. शिट्टी कधी वापरली नाही. कंपनीतला जुना पाना खिशात असायचा, तो गोलच्या लोखंडी खांबावर हाणायचा, ठण्ण. एकदा ठण्ण म्हणजे थांबा, दोनदा म्हणजे इकडे या. तिसरा ठण्ण ऐकायची वेळ कुणावर आली नाही. ते खांबही त्यानंच भंगारातल्या पाइपांचे जोडलेले. रोज आल्याआल्या प्रत्येक नट पान्यानं तपासायचा. मी एकदा म्हटलं, "काका, काल तर आवळलेत." तर म्हणाला, "कालचं नटाला सांगा, चिटणीसबाई. रात्रीत तो काय करतो ते मला काय ठाऊक?"

मला चिटणीस केलं तेही त्यानंच. माझी केतकी दहा वर्षांची असताना तिकडं जायला लागली, नवरा मुंबईला, म्हणून सोडायला-आणायला मी. फॉर्मबरोबर जन्मदाखल्यांच्या प्रती लागायच्या, त्या मी दुकानातून काढून आणल्या. त्यानं त्या उलटसुलट बघितल्या, कडा जुळवल्या आणि म्हणाला, "कागद सरळ आहेत. उद्यापासून तुम्ही चिटणीस." एवढीच माझी मुलाखत.

त्याच्या सरावाला तो पाळी म्हणायचा. चारची पाळी म्हणजे चार. चार वाजून एक मिनिटानं आलेल्या पोरानं गडग्यावर अर्धा तास बसायचं, मग आत. पालकांची कटकट व्हायची, ट्यूशन सुटायला उशीर होतो, रिक्षा मिळत नाही. तो ऐकूनच घ्यायचा नाही, बहिरेपणाचा तेवढा फायदा. एकदा एसटी बंद पडली आणि तो स्वतःच दहा मिनिटं उशिरा आला. पोरं आनंदानं ओरडायला लागली. हा सरळ गडग्यावर जाऊन बसला. अर्धा तास! पोरांनी आपापसात खेळायला सुरुवात केली, एकानं ढळढळीत हँडबॉल केला, आणि हा जागेवर बसून नुसता लालबुंद. ओरडता येईना, कारण पाळीत नव्हता. केतकी घरी येऊन पोट धरधरून हसली होती.

आता गडग्याचं. सडा म्हणजे नुसता जांभा कातळ, त्यावर हातभर माती. दर पावसात माती वाहून जाते आणि खालचे खडे वर येतात. त्यावर पडलं की गुडघा सोलवटून निघतो. म्हणून त्याचा नियम होता, प्रत्येकानं आत येताना आधी वीस दगड वेचायचे आणि कडेला नेऊन रचायचे. फेकायचे नाहीत, रचायचे. सिमेंट नाही, माती नाही, दगडाला दगड बसला पाहिजे. नीट नाही बसला तर काढून परत. अशी सात-आठ वर्षं. कंबरेएवढा उंच, मैदानाच्या एका अंगाला ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत गडगा झाला. आमच्या क्लबात गोल करणारी पोरं आली आणि गेली, पण ह्या गडग्यात ज्याचे दगड नाहीत असं एकही पोर नाही.

"अर्धवट" ही त्याची सगळ्यात मोठी शिवी. थ्रो घेताना दोन्ही हात डोक्यामागून पुरते वर नाही आले की "अर्धवट!" बुटाची नाडी लोंबली की "अर्धवट!" दुसरी काही वाईट शिवी मी त्याच्या तोंडून ऐकली नाही, पण ह्या एका शब्दानं पोरं रडकुंडीला यायची.

राजाभाऊंचं आणि त्याचं पहिल्यापासून फाटलेलं. राजाभाऊ मोठे बागायतदार, माझं दुकानही त्यांच्याच इमारतीतल्या गाळ्यात आहे. त्यांचा सोहम आमच्यात पुढच्या फळीत खेळायचा. राजाभाऊ रोज रेषेवर उभे राहून ओरडायचे, "सोहम, मार! अरे मार ना! दे त्याला! नको देऊ!" एक दिवस ठण्ण वाजलं. काका खेळ थांबवून सरळ राजाभाऊंसमोर जाऊन उभा राहिला. "राजाभाऊ, तुमचे आंबे उतरवायला गडी झाडावर चढतो ना?"

"चढतो. त्याचं काय?"

"तो वर टोकाला असताना मी खाली उभा राहून बोंबललो, हा तोड, तो नको तोडू, तर चालेल काय तुम्हाला? पडेल की नाय तो?"

सगळी पोरं फिदीफिदी हसली, सोहमसुद्धा. पोरगा हसला हे राजाभाऊंच्या नाकाला झोंबलं. त्या दिवसापासून ते रेषेवर मुकाट उभे राहायचे, पण मनात धरून ठेवलं त्यांनी. असल्या माणसांना विसरायचं वरदान नसतं.

मग ती फायनल.

तेरा वर्षांखालच्या मुलामुलींची स्पर्धा, गावातल्या मोठ्या मैदानावर. फायनलमध्ये आम्ही आणि लोट्याकडची टीम, म्हणजे काकाच्याच जुन्या सोबत्यांची नातवंडं. केतकी आमची गोलकीपर आणि कॅप्टन. सामना तीनला. पोरं अडीचला कपडे घालून तयार. पण प्रमुख पाहुणे यायचे होते, आणि त्यांनी हात मिळवल्याशिवाय सुरू कसं करायचं? पोरांना उन्हात दोन रांगांत उभं केलं. तीनचे चार झाले, पावणेपाच झाले. लोट्याच्या एका पोराला घेरी आली. काकाचं ओरडणं चालूच होतं, पण माइक त्याच्याहून मोठा. पाहुणे आले. मग शाल, श्रीफळ, मग ज्यांनी शाल दिली त्यांना शाल, मग भाषण. क्रीडासंस्कृती, क्रीडासंस्कृती! खेळायची पोरं उन्हानं करपली तरी ह्यांची संस्कृती संपेना. माझा जीव तेव्हाही जळत होता आणि आता लिहितानाही जळतोय.

शेवटी दहा-दहा मिनिटांचा सामना खेळवला. शून्य-शून्य. आता काय? पेनल्टी घ्यायला वेळ नव्हता, पाहुण्यांना दुसऱ्या कार्यक्रमाला जायचं होतं आणि चषक त्यांच्याच हातून द्यायचा होता. तर आयोजकांच्या सुपीक डोक्यातून निघालं, चिठ्ठी टाकू. खरंच सांगते, थट्टा नव्हे. सत्काराच्या ताटात दोन चिठ्ठ्या टाकल्या आणि केतकीला म्हणाले, बाळ, उचल. तिनं उचलली. आमचं नाव निघालं.

फटाके वाजले. फोटो निघाला, राजाभाऊ बरोबर मधोमध. पाहुण्यांची गाडी गेली. मग काका आला. चषक केतकीच्या हातात होता. तो वाकला आणि त्याच्या मानानं अगदी हळू विचारलं, म्हणजे मला वीस पावलांवर ऐकू आलं. "जिंकलीस?"

केतकी म्हणाली, "चिठ्ठी निघाली."

"मग हा चिठ्ठीला दे."

त्यानं बाकीच्या पोरांकडं बघितलं. "खेळायचंय?" मग केतकीनं चषक मैदानाच्या मधोमध नेऊन ठेवला. काका धावत जाऊन लोट्याच्या बसला आडवा उभा राहिला. ती पोरंही टणाटण उड्या मारत उतरली. रेफ्री गेला होता, त्यांच्या कोचनं आणि ह्यानं मिळून खेळवलं. चषक उचलून बाजूला घ्यायचं कुणाला सुचलं नाही, पोरं त्याला वळसा घालून खेळत होती. मंडपवाले एकीकडं खुर्च्या उचलत होते. उजेड होता अजून, तांबूस. पंचवीस मिनिटं काय खेळली ती पोरं! मला त्यातलं फार कळत नाही, पण अंगावर काटा आला एवढं खरं.

आणि हरलो. एक साधा, सरपटी चेंडू केतकीच्या हातातून निसटला. लोट्याची पोरं चषक घेऊन बसमध्ये चढली आणि आमची पोरं त्यांना हात करत होती. काकानं टाळ्या वाजवल्या, दोन्ही हात डोक्यावर नेऊन.

दुसऱ्या दिवशी पेपरात आणि सगळ्यांच्या मोबाइलवर फोटो, चषक आमच्या हातात. त्या फोटोला लाइक करणारे आता कमिटीला विचारायला लागले, चषक कुठाय? काय सांगणार? राजाभाऊंनी शाळेच्या वर्गात बैठक लावली. काकाला बोलावलंच नव्हतं, तरी तो आला आणि बाहेर व्हरांड्यात खिडकीच्या गजांपाशी उभा राहिला. आत काय बोलतात ते त्याला ऐकू येणं शक्य नव्हतं. राजाभाऊ गोड आवाजात म्हणाले, "काकांचं वय झालंय. रागाच्या भरात पोरांच्या तोंडचा घास काढला. त्यांना आपण सन्मानानं विश्रांती देऊ, कोल्हापूरहून शिकलेला कोच आणू. कोणाची हरकत नाही ना? हात वर करा."

माझी केतकी तीन दिवस जेवली नव्हती, नुसती रडत होती. पोरीला रडवलं म्हणून माझ्याही मनात राग होता. आणि गाळा राजाभाऊंचा. दोन्ही खरं, एकच सांगून साळसूद होणार नाही. माझा हात वर गेला. पुरता नाही, कोपरापर्यंत. इतिवृत्तात मी लिहिलं, सर्वानुमते. मान वर केली तर खिडकीत कोणी नव्हतं.

घरी येऊन केतकीला सांगितलं, आता नवीन कोच येणार, रडू नको. ती माझ्याकडं अशी बघायला लागली की मीच गोंधळले. "आई, मी काकांमुळं रडत होते असं तुला कोणी सांगितलं? माझ्या हातातनं सुटला म्हणून रडत होते. तू विचारलंस कुठं?"

विचारलं नव्हतं. कोणीच कुठल्याच पोराला विचारलं नव्हतं. त्या म्हाताऱ्यानं तेवढं विचारलं होतं.

नवीन कोच आला. चांगला मुलगा आहे, त्याचा काही दोष नाही. रंगीत कोन आले, नंबरवाल्या जर्सी आल्या. दगड वेचणं बंद झालं. पोरांच्या बोटांना लागतं, इन्फेक्शन होतं, असं पालकांचं म्हणणं. आणि तरी मैदान खड्यांनी भरलं नाही. कसं नाही, ह्याचा एकानंही विचार केला नाही. मीही केला नाही, मला दिसलं ते केवळ योगायोगानं.

ह्या जानेवारीत एका दुपारी, केतकीची पाण्याची बाटली मैदानावर राहिली होती म्हणून मी साडेतीनला सड्यावर गेले. काका मैदानात ओणवा होता. वेचून वेचून दगड गडग्याशी नेत होता, एकेक फिरवून बघून बसवत होता. दोन वर्षं तो रोज येत होता. पोरं यायच्या आधी यायचा आणि चारला पाच कमी असताना निघून जायचा. त्याला मनाई होती ती पोरांना शिकवायची. दगडांबद्दल ठरावात काही नव्हतं.

मी गडग्यापाशी गेले. दोन वर्षं घशात अडकलेलं एकदाचं बाहेर काढायचं म्हणून म्हटलं, "काका, त्या दिवशी मी चुकले."

"काय?"

"मी चुकले!"

"मोठ्यानं बोला!"

अख्ख्या सड्यावर मी बोंबलले, "मी चुकले!" खालच्या वाटेनं एक बाई गवताचा भारा घेऊन चालली होती, ती थांबून बघायला लागली. लाज वाटली, पण बरंही वाटलं. असल्या गोष्टी हळू बोलून माणूस सुटतो, तसं मला सुटू दिलं नाही त्यानं.

तो सरळ उभा राहिला. कंबर धरून, सावकाश. "तुमचा हात बघितला मी. कोपरापर्यंत होता."

मी मान हलवली.

"थ्रोला हात अर्धा राहिला तर आपण काय देतो?"

"फाऊल."

"मग? वर करायचा तर पुरा करायचा, राजाभाऊसारखा. त्यानं पुरा केला, त्याच्यावर माझा राग नाय. नाय तर खाली ठेवायचा." मग खिशातला पाना काढून माझ्यासमोर धरला. "चिटणीसबाई, काढलेला नट दिसतो. तिथं नट नाय म्हणून माणूस जपून राहतो. ढिला नट दिसत नाय. कंपनीत माणसं मेली ती ढिल्या नटानं मेली."

मला रडू फुटलं. तो भलताच वैतागला. "रडता काय? दगड वेचा! अठरा झालेत माझे, दोन राहिलेत, कंबर आज ऐकत नाय."

मी दोन वेचले. एक लगेच बसला. दुसरा बसेना, त्यानं तीनदा काढायला लावला, "अर्धवट! फिरवा त्याला. पोट खाली करा." चौथ्यांदा बसला. त्यानं तळहातानं दाबून बघितला, हलला नाही. घड्याळ बघितलं, चारला सहा कमी. मी म्हटलं, थांबा, केतकी येईलच. त्याला ऐकू आलं नसावं, किंवा आलंही असेल. खालच्या वाटेला लागला, एका हातानं कंबर धरून, आणि वळणावर पोरांच्या सायकली येताना दिसल्या तसा करवंदीच्या जाळीआड उभा राहिला, त्या जाईपर्यंत.

त्यानंतर मी त्याला बघितला नाही. परवा राजाभाऊंनी सर्वानुमते म्हणून विचारलं तेव्हा माझे दोन्ही हात मांडीखाली होते, पुरते.